हरल्याची पोळी

फार जुनी गोष्ट आहे. राजे दुपारचे झोपत आणि बैल सवड मिळाली तर बोलत, त्या काळातली. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकत नसल्यासारखं दाखवून ऐकावी.

एका राज्यात गाण्याला फार मान होता. दरबारात एक राजगवई होते आणि त्यांच्या साथीला एक पखवाजवाला असे. गवयाची जागा कायमची होती. पखवाजाची जागा मात्र वर्षापुरती. दसरा झाला की गावोगावचे पखवाजवाले राजवाड्यात जमत. गवई एकेकाला समोर बसवून गात आणि तो साथ करी. ज्याची साथ पसंत पडे, तो वर्षभर राजाच्या उजव्या हाताला बसे.

पखवाज तुम्ही पाहिला असेल. आडवा, पोट फुगलेला, दोन्ही तोंडांना कातडं. वाजवण्याआधी त्याच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात. कणीक असली की तो घुमतो, नसली की नुसता टपटपतो. वाजवून झालं की ती खरवडून काढतात.

या कणकेवरून त्या राज्यात एक रीत पडली होती. राजाच्या पणजोबांच्या वेळी एका हरलेल्या वादकाने रागाच्या भरात कणकेचा गोळा भिरकावला, तो नेमका पणजोबांच्या मिशीवर जाऊन बसला. सगळा दरबार गारठला. पणजोबा मिशी पुसत म्हणाले, "अन्न फेकायचं नाही. आणि हरलेल्या माणसाने माझ्या घरून उपाशी जायचं नाही."

तेव्हापासून ठरलं. जो हरेल त्याने आपल्या पखवाजाची कणीक मुदपाकखान्यात न्यायची. राजाच्या स्वयंपाकाची आचारीण तिची तळहाताएवढी पोळी भाजून देई. वर राज्याकडून तुपाचा थेंब. ती तिथेच बसून खायची आणि मग घरची वाट धरायची. लोक तिला हरल्याची पोळी म्हणत. जिंकणाऱ्याची कणीक मात्र वाड्यामागच्या तळ्यात माशांना घालत. मासे वर्षभर त्या एका घासाची वाट बघत, असं म्हणतात. खरंखोटं माशांना ठाऊक.

त्याच राज्यातल्या एका खेड्यात हैबती नावाचा तरुण राहत होता. नाव असं भारदस्त, पण अंग काडीचं. आईबाप लहानपणीच गेले, मावशीने वाढवला. स्वभावाने इतका लाजाळू की कुणी रस्त्यात विचारलं, "काय हैबती, बरं आहे ना?" तर याला उत्तर सुचेपर्यंत विचारणारा पुढच्या गल्लीत पोचलेला असे.

पण पखवाज समोर आला की तो दुसराच माणूस होई. हात असे चालत की बघणाऱ्याला चार दिसत. देवळात तो वाजवायला बसला की कबुतरं उडून जात आणि आरती संपल्यावरच परत येत. गावाला त्याचा फार अभिमान होता. कबुतरांना कुणी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर हैबतीला शांततेची भीती वाटे. कुठे दोन क्षण शांत झालं की त्याला वाटे, आता सगळे आपल्याकडेच बघताहेत. जिभेने ती शांतता मोडणं त्याला जमत नसे. हाताने जमे. म्हणून पखवाज मांडीशी असला की तो एवढीशीही शांतता शिल्लक ठेवत नसे.

असा हैबती पहिल्यांदा चाचणीला गेला. राजा तक्क्याला टेकून डुलक्या घेत होता. गवई गायला लागले, हैबतीने तिटकत गदिगन बोलांचा असा पाऊस पाडला की दिवाणजींनी पागोटं धरून ठेवलं. गाणं संपलं. गवई त्याच्याकडे न बघता म्हणाले, "पुढचा."

एवढंच. का हरलास हे सांगायची तिथे रीत नव्हती. पणजोबांनी पोळीचं ठरवलं, कारणाचं ठरवायचं राहून गेलं.

मुदपाकखान्यात आचारीणबाईंनी पोळी भाजून हातावर ठेवली. हैबतीला तिच्याकडे बघवेना. त्याने डोळे मिटले, अख्खी पोळी तोंडात कोंबली, तांब्याभर पाणी ओतलं आणि औषध घ्यावं तशी गिळून टाकली.

"अरे मेल्या, गिळतोस काय?" बाई म्हणाल्या. "चावून खा. चावल्याशिवाय अंगी कसं लागायचं?"

हैबती मागच्या दाराने पळाला. वाटेत त्याला उचकी लागली, ती घरापर्यंत थांबली नाही.

"हरलास?" मावशीने विचारलं.

"उक्," हैबती म्हणाला.

"का रे?"

वाटभर उचक्या देता देता त्याने विचार करून ठेवलाच होता. "कणीक," तो म्हणाला. "गव्हाची कणीक, उक्, मऊ पडते."

पुढच्या वर्षी तो बाजरीचं पीठ घेऊन गेला. आता बाजरीचं पीठ कातडं धरून राहतं का? एक थाप बसली, दुसरी बसली, तिसऱ्या थापेला अख्खा गोळा सुटला आणि दिवाणजींच्या जोड्यात जाऊन पडला. तो बाहेर काढायला दोन हुजरे लागले. "पुढचा," गवई म्हणाले. त्या वर्षी पोळी नव्हती, भाकरी होती. तीही त्याने गिळली.

त्यानंतर त्याला वाटलं, दिशा चुकली. गावच्या जोशीबुवांनी पंचांग उघडून सांगितलं, "पूर्वेला तोंड करून वाजव, यश ठेवलेलं." दरबारात गेल्यावर कळलं की गवई बसतात ते पश्चिमेला. हैबतीने मुहूर्त मोडला नाही. गवयांकडे पाठ करून त्याने सबंध गाणं वाजवलं. राजाला त्या दिवशी झोप आली नाही, कारण हसू येत होतं. "पुढचा." पोळी, पाणी, उचकी, घर.

मग कातडं बदललं. मग कातडं ताणणारी वादी नवी ओवली. मग एकदा कुणीतरी सांगितलं म्हणून चाचणीआधी दह्यात साखर घालून खाल्ली. काही उपयोग झाला नाही.

अखेर एके वर्षी दसऱ्याआधी मावशी त्याच्यासमोर येऊन बसली.

"हैबती, कणीक बदललीस, दिशा बदललीस, कातडं बदललंस. आता बदलायला घरात मीच उरले."

हैबती नखाने जमिनीवर रेघा ओढू लागला.

"मी काही तुझी वैरीण नाही," मावशी म्हणाली. "पण आता ही शेवटची खेप. नाही जमलं तर पखवाज त्या खुंटीला टांगायचा, आणि तू माझ्या दादाच्या तेलघाण्यावर जायचं. मामाला माणूस हवाच आहे. कबूल?"

हैबतीने मान हलवली. त्या पखवाजाखेरीज जगाशी बोलायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. तो खुंटीला गेला, म्हणजे आपणच खुंटीला गेलो, असं त्याला वाटलं.

त्या वर्षी तो जीव तोडून वाजवायला बसला. बोटं सुजली, घाम डोळ्यांत गेला. त्याने एक श्वास रिकामा सोडला नाही. गवयांनी गाणं संपवलं, बराच वेळ दम खाल्ला आणि म्हणाले, "पुढचा."

हैबती कणकेचा गोळा घेऊन मुदपाकखान्यात गेला. आता पटकन गिळावं आणि जावं. पण तिथे चुलीवर मोठा तवा चढलेला, आणि आचारीणबाई पुरण भरत बसलेल्या.

"आधी राजाची पोळी, मग तुमची," त्या म्हणाल्या. "राजांना उठल्या उठल्या पुरणपोळी लागते. बसा तिकडे भिंतीशी."

भिंतीशी हरलेले सगळे ओळीने बसले होते. प्रत्येकाच्या हातात आपापला गोळा. हैबती आजवर इथे कधी थांबलाच नव्हता, त्यामुळे त्याला कुणी ओळखीचं दिसेना. तो टोकाला अंग चोरून बसला.

ओळीच्या मधोमध एक जाडजूड म्हातारे गृहस्थ पाय पसरून बसले होते. त्यांचं नाव दाजीबा. ते वर्षानुवर्षं चाचणीला येत आणि वर्षानुवर्षं हरत.

"दाजीबा, या खेपेला काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"तेच," दाजीबा म्हणाले. "गवई वरचा सूर लावताना तोंड असं करतात." त्यांनी खालचा ओठ डाव्या कानाकडे नेला. "मला हसू येतं, आणि हात सुटतो. घरून निघताना देवाला सांगून आलो होतो, आज तरी बघणार नाही म्हणून. पण नजर जाते हो."

सगळे हसले. मग ज्याने त्याने आपलं सांगायला सुरुवात केली. एकाचा ठेका धावला होता, एक मधेच मात्रा विसरला होता. हैबतीला नवल वाटलं. ही माणसं हरण्याबद्दल अशी बोलत होती, जसं जेवणाबद्दल बोलावं.

"दाजीबा, नकला होऊ द्या," लोक म्हणाले.

दाजीबांनी आचारीणबाईंची परात उपडी करून मांडीवर घेतली. ते नाकातून गवयांसारखं गात आणि हाताने हरलेल्या वादकाची साथ करत. ज्याची नक्कल होई तो आधी कान झाकी आणि मग सर्वांत मोठ्याने हसे. एक झाली, दोन झाल्या. मग दाजीबा म्हणाले, "आता ऐका आजची शेवटची."

त्यांनी नाकातून एक ओळ म्हटली. गवयांनी श्वास घेतला, परातीवर तडातड. गवयांनी सूर लावायला तोंड उघडलं, तडातड. गवई गोंधळून गप्प झाले, तडातड तडातड. गवयांनी पाण्याचा तांब्या मागायला हात वर केला, तडातड. शेवटी गवयांनी दोन्ही हात जोडले. तडातड.

लोक लोळायला लागले. हैबतीलाही हसू आवरेना. तो इतका हसला की लाजायचं विसरून शेजारच्याला विचारून बसला, "हा कोण हो येडा? गवयाला गाऊच देत नाही."

शेजारच्याने त्याच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघितलं.

"तूच की रे बाबा," तो म्हणाला.

हैबतीचं हसू जिथल्या तिथे थांबलं. कान तापले. पाय आपोआप मागच्या दाराकडे वळले. तेवढ्यात आचारीणबाईंनी त्याची पोळी हातावर टेकवली, गरम, तुपाचा थेंब असलेली. त्याने ती सवयीने तोंडाशी नेली. मग त्याला वाटलं, एवढी वर्षं गिळून आपल्या हाती उचकीशिवाय काय लागलं?

त्याने एक लहानसा तुकडा तोडला आणि चावला. पोळी खारट लागली. त्याच्याच घामाची ती चव होती.

"दाजीबा," तो म्हणाला. सगळ्यांसमोर बोलायची ही त्याची पहिलीच वेळ, आवाज उंदरासारखा निघाला. "ती शेवटची नक्कल. परत एकदा कराल का?"

दाजीबांनी परत केली. या वेळी हैबती हसला नाही. त्याने डोळे मिटले नाहीत, कान झाकले नाहीत. एकेक घास चावत तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. त्या दिवशी घरी जाताना त्याला उचकी लागली नाही.

"हरलास?" मावशीने विचारलं.

"हरलो," हैबती म्हणाला. "मी गवयाला गाऊच देत नाही, मावशे. कणीक चांगली होती."

मावशीला बरं वाटलं, पण बोली ती बोली. पखवाज खुंटीला गेला आणि हैबती घाण्यावर.

मामा स्वभावाने भला, गळ्याने मात्र बेताचा. घाण्याशी बसल्या बसल्या त्याला गायची सवय होती. गाणं एकच, त्याने स्वतःच रचलेलं:

"फिर रं राजा, फिर रं राजा,
वाट तुझी रं गोल,
घरी बसून गाव पाहिलं,
तेलाला ये मोल."

यातली एकही ओळ सरळ पुरी होत नसे. मामा मधेच खोकायला थांबे, मधेच गिऱ्हाइकाला तेल मोजून देई, मधेच बैलावर ओरडे. आणि मग जिथे सोडलं होतं, त्याच अक्षरापासून पुढे गाई.

हैबतीच्या हाताला चैन पडेना. घाण्याशेजारी एक लाकडी ओंडका होता. त्यावर तो बोटांनी साथ करू लागला. मामा गाई, हैबती वाजवी. मामा खोके, हैबती वाजवी. मामा गिऱ्हाइकाशी बोले, तरी हैबती वाजवी. नक्कल कळली होती, पण हात कुठे ऐकतात? शांतता पडली की ते आपणहून धावत.

एके दिवशी मामा तेल घेऊन बाहेर गेला तेव्हा बैल चालता चालता उभा राहिला. बैलांना त्या काळी बोलता येई, पण घाण्याच्या बैलाला सवड नसे. आज मिळाली.

"पोरा," बैल म्हणाला, "तुझा मामा गातो तोवर मी चालतो. तो थांबला की मीही थांबतो. दिवसभरात मला तेवढाच विसावा. तू आल्यापासून तो थांबला तरी ठोकाठोक चालूच असते. माझ्या डोळ्यांना ढापणं, मला काय कळणार? मला वाटतं, गाणं चालू आहे. मी आपला फिरतो."

हैबतीने हात ओंडक्यावरून उचलले.

"मी काही वाईट वाजवत नाही," तो पुटपुटला.

"वाईट कुठे म्हटलं मी?" बैल म्हणाला. "पाय दुखतात म्हटलं."

बाहेर मामाचा खोकला ऐकू आला आणि बैल परत फिरू लागला. त्यानंतर तो पुन्हा कधी बोलला नाही. सांगायचं तेवढं सांगून झालं होतं.

हैबती ओंडक्यावर बसून राहिला. आजवर त्याला वाटत होतं की शांतता पडली की सगळे आपल्याकडे बघतात. आज त्याला कळलं की तेव्हा कुणी कुणाकडे बघतच नाही, सगळे शांततेत दम खातात. बैलही, मामाही, आणि दाजीबांच्या नकलेत हात जोडणारे ते म्हातारे गवईही. ती शांतता आपली नव्हतीच. दुसऱ्याच्या पानातलं आपण इतकी वर्षं उचलून खात होतो.

त्या दिवसापासून मामा थांबला की तो थांबू लागला. सुरुवातीला फार जड गेलं. हात मांडीखाली दाबून बसावं लागे. मामाचा खोकला लांबला की कपाळाला घाम फुटे. पण हळूहळू त्याला मामाचा श्वास ऐकू यायला लागला. खोकला येणार हे आधी कळू लागलं, आणि खोकून झाल्यावर मामा कोणत्या अक्षरावर परत येणार हेही. त्या अक्षरावर हैबती एक थाप अशी टाकी की मामाला वाटे, आपण थांबलोच नव्हतो. बैलही खूश होता. त्याच्या अंगावर थोडं मांस दिसू लागलं.

पुढचा दसरा जवळ आला तेव्हा मावशी दिव्यांसाठी तेल न्यायला घाण्यावर आली. ती बुधली टेकवून दारातच थबकली आणि जरा वेळ ऐकत उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "आज गळा बरा लागलाय तुझा. औषध बदललंस का?"

"गळा तोच आहे," मामा म्हणाला. "पोरगं बरं वाजवतंय."

मावशीने हैबतीकडे बघितलं. त्याचे हात ओंडक्यावर नुसते टेकलेले होते, कारण मामा बोलत होता.

मावशी तेल घेऊन घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर पखवाज घेऊन परत आली. "खुंटी ढिली झालीये," ती म्हणाली. "कुठे ठेवू आता हा? राजवाड्यात ठेवून ये एकदा."

तर हैबती पुन्हा दरबारात गेला. भिंतीशी दाजीबा बसले होते. त्यांनी ओळख दाखवून भुवया उडवल्या. राजा तक्क्यावर घोरत होता. गवई आता बरेच थकले होते. हैबतीला ओळखून त्यांनी आधीच पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेतला.

हैबतीने गव्हाची कणीक लावली. दिशा बघितली नाही, गवयांकडे बघितलं.

गाणं सुरू झालं. हैबतीचे हात होते तसेच जलद होते, पण आज ते गवयांच्या पुढे धावत नव्हते. गवई दम घेत, तो थांबे. गवई चढत, तो खालून टेकू देई. गवयांनी दोनदा चमकून त्याच्याकडे बघितलं, हाच का तो म्हणून.

आणि मग एका ओळीच्या मधेच गवई थांबले. म्हातारपण होतं. पुढचे शब्दच आठवेनात.

दरबारात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. आता खरोखरच सगळे बघत होते. दिवाणजी बघत होते, हुजरे बघत होते, दाजीबा मान लांब करून बघत होते. बोटं कातड्यावर वळवळू लागली. एक तिटकत, नुसता एक, आणि ही शांतता मोडली असती. त्याला बैलाचे पाय आठवले. त्याने हात वर धरला आणि तसाच ठेवला.

शांतता इतकी झाली की राजा जागा झाला. इतक्या वर्षांत चाचणीच्या वेळी त्याला पहिल्यांदाच काही ऐकू न येऊन जाग आली होती.

"काय झालं?" राजा दचकून म्हणाला.

गवयांनी घोटभर पाणी घेतलं, डोळे मिटले आणि एक मोठा श्वास भरला. तो श्वास हैबतीला स्वच्छ ऐकू आला. गवयांच्या ओठांवर शब्द आला, आणि नेमक्या त्याच क्षणी हैबतीचा हात खाली आला. एकच थाप. पखवाज असा घुमला की जणू गवयांनी ती जागा मुद्दामच राखून ठेवली होती.

त्यानंतर गवई गातच राहिले. ठरलेलं गाणं संपलं, तरी थांबेनात. राजाने तक्क्या बाजूला सारला. संपल्यावर तो म्हणाला, "आज गवई फार सुंदर गायले. आणि वाजवत कोण होतं?"

गवयांनी तांब्या खाली ठेवला. मग बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता पुढचा नको."

हुजऱ्याने चांदीची ताटली पुढे केली. जिंकणाऱ्याची कणीक तीत घालून तळ्यावर न्यायची होती. हैबतीने गोळा खरवडून काढला, पण ताटलीत ठेवला नाही.

"महाराज," तो म्हणाला. आवाज अजून उंदराचाच होता, पण शब्द पुरे आले. "माशांची क्षमा मागतो. पण मला आज मुदपाकखान्यात जाऊ द्या. मी जे शिकलो ते तिथे बसून शिकलो. थोडं राहिलंही असेल."

राजाने पणजोबांच्या तसबिरीकडे बघितलं, आणि मान हलवली.

हैबती भिंतीशी ओळीत जाऊन बसला. आचारीणबाईंनी त्याचा गोळा लाटून तव्यावर टाकला. "तू जिंकलास ना? मग इथे काय करतोस?" त्यांनी विचारलं. तो नुसता हसला आणि म्हणाला, "दाजीबा, माझी नक्कल राहिली."

दाजीबांनी परात उपडी केली. नाकातून अर्धी ओळ गायली आणि मधेच थांबले. मग त्यांनी हात वर उचलला आणि तसाच धरून ठेवला.

सगळे त्या हाताकडे बघत राहिले. कुणी हसलं नाही, कुणी खोकलं नाही. दाजीबांनाही हसू आलं नाही. चुलीतला जाळ तेवढा आवाज करत होता. हात वरच होता.

तेवढ्यात करपल्याचा वास आला.

"गेली," आचारीणबाई म्हणाल्या. "तुमच्या शांततेपायी माझी पोळी गेली. आता खा कोळसा."

त्यांनी एका बाजूने काळी झालेली पोळी हैबतीच्या हातावर ठेवली आणि तुपाचे दोन थेंब जास्त टाकले. हैबतीने तिचे तुकडे केले, ओळीतल्या सगळ्यांना वाटले, आणि आपला तुकडा सावकाश, चावून चावून खाल्ला.

तेव्हापासून त्या राज्यात जिंकणाराही आपल्या कणकेची पोळी खाऊ लागला, आणि हरणारे मागच्या दाराने पळेनासे झाले. आपण कुठे चुकलो हे ते एकमेकांना विचारू लागले. पुढच्या एका चाचणीला दाजीबांनी गवयांकडे न बघता राजाच्या उजव्या बाजूला बसलेल्या हैबतीच्या हाताकडे बघत साथ केली. जवळजवळ जिंकलेच होते, पण शेवटी नजर गेली. तळ्यातले मासे मात्र अजून वाट बघताहेत.

म्हणून सांगतात: अपयश गिळून टाकणाऱ्याला नुसती उचकी लागते, चावून खाणाऱ्याच्या ते अंगी लागतं.